जवसाच्या तेलातला तलाव

जेवणं झाली आणि रायपूरच्या चौबे कॉलोनीतली लाइट गेली. इन्व्हर्टरनं फक्त पंखा धरला. अभिनवनं मोबाइल पालथा ठेवला आणि म्हणाला, "नाना, अब वो भूतवाली सुनाओ." त्याची नवी बायको ईरा भिंतीला टेकून बसली. नव्या सुनेनं घाबरायचं असतं की नाही, हे तिला अजून कोणी सांगितलं नव्हतं.

"भुताची नाही," नाना म्हणाले. "आमच्या ऑफिसातल्या विनायकची. अजून हाय तो. विचारा पाहिजे तर."

दोन हजार अठरा. पोळ्याची आदली रात्र, शनिवार. विनायक पुरानी बस्तीत आत्याकडे कपबशा आणायला गेला होता. नव्या रायपुरात त्यानं फ्लॅट घेतला होता. त्या शहराचं नाव नुकतंच बदललं होतं आणि नवं नाव कोणाच्याच तोंडात बसलं नव्हतं. फ्लॅटमध्ये सोफा आला, टीव्ही आला, पण चहाला दोनच मग. आणि दुसऱ्या दिवशी नागपूरहून मुलीकडचे घर बघायला येणार. मुलगी त्याला पसंत होती. तिच्या आईवडिलांना तो अजून पसंत पडायचा होता.

प्रेमलाआत्यानंच त्याला वाढवलं. आई गेली तेव्हा तो रांगत होता. आत्यानं लग्न केलं नाही, रेल्वेत कारकुनी केली, आणि केस पिकायला लागल्यावर एकदम तेलरंगात चित्रं काढायला लागली. शिकवायला कोणी नाही. तलाव काढायची, धानाची शेतं काढायची. रंगात लिनसीड ऑइल घालावं, असं तिनं कुठंतरी वाचलं. लिनसीड म्हणजे जवस, हे कळल्यावर ती सरळ घाण्यावर गेली आणि आपण चटणीवर घेतो तेच तेल आणलं. तेही हात सैल सोडून घालायची. त्यामुळे तिची चित्रं वाळायचीच नाहीत. वर्ष झालं तरी बोट लावलं की बोट निळं. सगळं घर जवसानं दरवळायचं. चित्रातल्या आकाशाला डास चिकटायचे. आत्या म्हणायची, "राहू दे ना. लांबून पाखरं दिसतात."

विनायकला लाज वाटायची. वासाची, डासांची, रंग लागलेल्या पदराची. एकदा ऑफिसातले मित्र आले, तेव्हा आत्या दारातच उभी होती. एकानं विचारलं, "ये कौन?" विनायक म्हणाला, "किरायेदार है." आत्यानं ऐकलं. चहा तिनंच आणून दिला.

"मग दुसऱ्या दिवशी विनायकनी आत्याला बोलावलंच नव्हतं?" ईरानं पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"नाही," नाना म्हणाले.

आत्यानं एकेक कप वर्तमानपत्रात गुंडाळला. मग आतून एक चित्र आणलं. चांगलं मोठं. तलाव, कमळं, काठावर म्हशी.

"हा तुमच्याच तिकडचा तलाव हाय. रस्ते झाले नव्हते तवा मी तिथं बसून काढला. सोफ्याच्या वर लाव."

"आत्या, उद्या तू..." विनायकनं गुंडाळलेले कप उचलले.

"मी काहून येऊ? मले गाडीत मळमळते. हे लावलं का मी आली असं समज." त्याला पोचवायला ती दारापर्यंत आली. "लावलं का फोन कर, विनू. मंग झोपीन."

एवढंच मागितलं तिनं.

चित्र मागच्या सीटवर ठेवलं. काचा खाली केल्या तरी वास जाईना. एका वळणावर ते सरकलं आणि सीटच्या नव्या कव्हरला निळा पट्टा लागला. तेव्हापासून त्याला मुलीच्या आईचा आवाज ऐकू यायला लागला. हे कोणी काढलं हो? आणि सांगताना होणारं स्वतःचं तोंडही दिसायला लागलं.

तिकडचे रस्ते तुम्हाला माहीत आहेत. रुंद. सगळे दिवे लागलेले. माणूस नाही. एक बसस्टॉप आला. त्यानं गाडी थांबवली. चित्र उचललं. बाकावर उभं करून मागच्या काचेला टेकवलं. रंगाची बाजू आत, पाठ रस्त्याकडे. आणि निघाला.

"फेंक दिया?" अभिनव म्हणाला.

"ठेवलं," नाना म्हणाले. "तो 'ठेवलं' म्हणते."

घरी येऊन त्यानं हात धुतले. परत धुतले. फोन लावला. लगेच उचलला गेला.

"आत्या, पोचलो."

"लावलं?"

"लावलं."

"कुठं?"

समोर कोरी भिंत. विनायक तिच्याकडे बघत म्हणाला, "सोफ्याच्या वर. मस्त दिसून राहिलं."

पलीकडे काही नाही. पंख्याचा आवाज नाही. श्वास नाही. मग अगदी जवळून...

"हव. दिसून राहिलं."

फोन कटला नाही. चालूच. कोणीतरी ऐकत होतं... विनायकलाही ठेववेना. किती वेळ गेला, कोण जाणे. शेवटी त्यानंच कापला.

आधी भीती नाही आली त्याला. लाज आली. चपला घालायला लावणारी लाज. किल्ली घेऊन तो खाली धावला.

बसस्टॉप तोच. दिवा तोच. बाक रिकामा.

त्यानं मागं पाहिलं. खाली पाहिलं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

तिथंच फोन वाजला. इंदू. आत्याची शेजारीण.

"भैया, कवाची लावून राहिली मी. तुमचा फोन बिझीच बिझी."

"आत्याशी बोलत होतो."



"...कोणाशी?"

विनायकनं फोन दुसऱ्या कानाला धरला.

"भैया, तुमची गाडी गल्लीच्या बाहेर पडली, अन् आत्या दारातच बसल्या. तिथंच... डॉक्टर येऊन गेले. संपलं म्हणते."

अभिनवनं मोबाइलला हात लावला नाही.

नागपूरकरांना येऊ नका म्हणून कळवलं गेलं. पोळ्याच्या दिवशी दुपारी आत्याला स्मशानात पोचवून आले. विनायकला एकट्याला कसं सोडायचं, म्हणून नाना त्याच्याबरोबर फ्लॅटवर गेले. कुलूप विनायकनंच उघडलं. आत कोणी आलं-गेलेलं नव्हतं. कपबशा कागदात गुंडाळलेल्या तशाच. सोफा जागच्या जागी.

आणि वर भिंतीवर...

चित्र नव्हतं. खिळा नव्हता. खिळ्याचं भोकही नव्हतं. फ्लॅटला पांढरा रंग उन्हाळ्यातच दिलेला. पण ती भिंत पिवळी पडली होती, जुन्या घरातली पडते तशी. आणि मधोमध त्या चित्राएवढा चौकोन तेवढा पांढरा राहिला होता. वर्षानुवर्षं तिथं काही टांगलेलं असावं, आणि आत्ताच कोणी उतरवून न्यावं, तसा.

जरासा वाकडा. घाईत लावल्यासारखा.