ठेका थांबतो तिथं

"मी बसायला आले नाही वहिनी, तुम्हाला एक विचारायचं होतं," आरती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, आणि पंकजाच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला.

तुम्हाला! लग्न होऊन आठवडाही झाला नव्हता तेव्हा जी पोर "वहिनी, तू नाचतेस म्हणे, दाखव ना," म्हणत तिला हाताला धरून गच्चीवर ओढत घेऊन गेली होती, तीच नणंद घर सोडून गेल्यावर आज दोन वर्षांनी दारात परक्यासारखी उभी होती... पंकजाच्या काळजात कळ उठली. पण चेहऱ्यावर तिनं काही दिसू दिलं नाही. ते आता तिच्या अंगवळणी पडलं होतं.

"आत तरी ये. आई वाट बघत असतात तुझी."

आरती आत आली आणि खाटेच्या कडेला अवघडून बसली. खिडकीजवळच्या त्या खाटेवर रतनबाई पडून होत्या. उजवं अंग लुळं पडलेलं, तोंड जरासं वाकडं झालेलं. लेकीला बघून त्यांचे डोळे मात्र लखलखले.

एके काळी सबंध कोपरगावात ही नणंद-भावजयीची जोडी गाजत होती. पंकजा मूळची कर्जतची. पुण्याला कॉलेजात असताना कंटेम्पररी शिकलेली, अंग सैल सोडून श्वासावर नाचणारी. आरती मोबाईलवर बघून बघून हिप हॉप शिकलेली, ठेक्यागणिक अंगाला झटके देणारी. दोघींनी दोन्ही नाच एकात मिसळून बसवायला सुरुवात केली, तेव्हा लोकांनी चेष्टेनं 'नणंद-भावजय' म्हणायला सुरुवात केली, तर या दोघींनी तेच नाव आपल्या नाचाच्या क्लासच्या पाटीवर रंगवून टाकलं. शाळांची गॅदरिंगं झाली, कारखान्याचा कार्यक्रम झाला, मग नगर, मग पुणं...

त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या नाचात मध्येच ठेका थांबायचा. सभागृह चिडीचूप व्हायचं. त्या शांततेत पंकजा एक खोल श्वास घ्यायची, अगदी ऐकू जाईल असा. त्या श्वासासरशी तिचा उजवा हात वर चढायचा आणि तिच्या बोटांतून निघालेली लहर आरतीच्या बोटांत शिरायची. मग ठेका पुन्हा सुरू व्हायचा. आकडे मोजायचे नाहीत. आरती तर तिथं डोळेच मिटून घ्यायची, इतका तिचा त्या श्वासावर विश्वास होता.

आणि मग पुण्याच्या एका मोठ्या नृत्यसंस्थेनं दोघींना बोलावलं, नेमक्या त्याच महिन्यात रतनबाई मोरीत कोसळल्या. पंकजाचा नवरा रामहरी, त्याची कारखान्यात पाळीची नोकरी. घरी कोणीतरी एकीनं थांबणं भागच होतं. "आई माझी आहे. मी थांबते, तू जा," आरती हट्टालाच पेटली. हिला समजावून उपयोग नाही, हे पंकजानं ओळखलं... आणि याच खाटेच्या पायथ्याशी उभं राहून, छातीवर दगड ठेवून, ती जन्मातलं सगळ्यात मोठं खोटं बोलली.

"आईंचं निमित्त कशाला? मला कंटाळा आलाय तुझा. तुझ्या त्या झटक्यांपायी माझ्या नाचाचा पार चोथा झाला. तू दुसरा जोडीदार बघ."

आरतीचा चेहरा पांढराफटक पडला. दुसऱ्या दिवशी पहाटेच ती बॅग घेऊन पुण्याला निघून गेली. भावजयीनं नणंदेला घराबाहेर काढलं, ही बातमी गल्लीभर व्हायला कितीसा वेळ लागणार! तीच माणसं मग रतनबाईंना बघायला यायची, पंकजाच्या हातचा चहा प्यायची आणि एकमेकांकडे बघून ओठ मुडपायची. रामहरी चांगला होता, पण विचारणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. क्लासची पाटी माळ्यावर गेली. भरल्या घरात पंकजा अगदी एकटी पडली.

"मुंबईत मोठा कार्यक्रम आहे," आरती आता सांगत होती. "ओम म्हणून माझा जोडीदार आहे. आम्हाला ते जुनं करायचंय... ठेका थांबतो ते. पण ते दोघींनी बसवलेलं. तुम्ही टाकून दिलं असलं, तरी विचारल्याशिवाय करणं मला पटत नाही."

तेवढं एकच तर उरलं होतं तिच्यापाशी! पंकजानं पाण्याचा तांब्या आरतीपुढं ठेवला.

"कर की. माझं काय आहे त्यात."

आरती क्षणभर तिच्याकडे बघत राहिली, जणू तिला वेगळंच उत्तर हवं होतं. मग तिनं मोबाईल खाटेवर ठेवून व्हिडिओ लावला. "बघून तरी घ्या."

ओळखीचं संगीत खोलीत भरलं. आरती आणि एक उंच, सावळा मुलगा. ठेका चढत गेला, चढत गेला... आणि थांबला.

पंकजाच्या मनातसुद्धा नव्हतं, पण सवयीनं तिची छाती भरून आली. खोल, ऐकू येईलसा श्वास खोलीत उमटला. आणि खाटेवर रतनबाईंचा लुळा उजवा हात थरथरत, हळूहळू वर उठला. बोटं उलगडली. पंकजाचा हात जिथं थांबायचा, अगदी तिथंच तो थांबला.

व्हिडिओ पुढं चालूच राहिला. त्याच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

"आई... हे कुणी शिकवलं तुला?"

"ही... रोज," रतनबाई जड जिभेनं म्हणाल्या.

डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम त्या काही केल्या करत नव्हत्या. तेव्हापासून रोज दुपारी पुढचं दार लावून पंकजा त्यांच्या उशाशी बसायची, श्वास घ्यायची आणि त्यांचा हात आपल्या हाताबरोबर वर न्यायची. "घरंदाज बाया असं अंग झटकत्यात व्हय, भूत लागल्यावानी?" असं एके काळी बडबडणारी सासूच तिची जोडीदारीण झाली होती.

"त्या दिशी... खोटं बोल्ली ही," रतनबाईंनी एकेक शब्द ओढून काढला. "तू जावं म्हून. मला म्हनली... सांगू नगा."

"आई, राहू द्या ना."

"न्हाई. लई झालं."

आरतीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "वहिनी... अगं, मी जगाला सांगत फिरले, तू मला टाकलंस म्हणून! आणि त्या जागी मी रोज चुकते. ओम मनात आकडे मोजतो, मलाही मोजायला लावतो. पण मला तिथं काही ऐकूच येत नाही गं..."

पंकजानं तिचं डोकं छातीशी घेतलं.

"आता मी थांबते इथं," आरती हुंदक्यातच म्हणाली.

"वेडी आहेस का? मुंबईला तू जायचंस. ओमबरोबरच."

"जाईन. पण तिथं श्वास तुझाच वाजेल." तिनं मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू करून तो उशाशी ठेवला. खाटेशी गुडघे टेकून आपली बोटं आईच्या बोटांजवळ नेली आणि डोळे मिटले. "घे वहिनी. आम्ही दोघी थांबलोय."

पंकजानं प्रयत्न केला. पहिला श्वास गळ्यातच तुटला, दुसऱ्याचा हुंदका झाला. रतनबाईंचा हात चादरीवर तसाच वाट बघत राहिला. मग कुठं श्वास आला, ओला, थरथरता, पण खोल... आणि सासूच्या बोटांतून निघालेली लहर लेकीच्या बोटांत शिरली.

पुढचं दार त्या दुपारी उघडंच राहिलं होतं.