लाकडं आणायला गेलेला

मी आणि आत्सू जुळे. दिसायला अगदी सारखे, फक्त माझं डोकं दोन बोटं मोठं. "अक्कल त्याच्याकडे गेली, डबा तुझ्याकडे आला," असं आई म्हणायची.

आत्सूला जन्मापासून बोलता येत नव्हतं, हातांतही फारसं बळ नव्हतं. केटा गावातल्या अपंगांच्या केंद्रातून त्याला एक बोलकी पाटी मिळाली. चोवीस चित्रांची चोवीस बटणं. दाबलं की आत भरलेलं वाक्य ऐकू येतं. आवाज मी भरला. वाक्यं त्यानं निवडली. मी म्हणून दाखवायचो, पटलं की तो डोळे मिटायचा. 'भूक लागली.' 'पंखा लाव.' आणि घरात सगळ्यांत जास्त वाजणारं, 'एत्से, गप बस.' सहा वर्षं तो मला माझ्याच आवाजात गप बसवत होता.

जूनमध्ये तापानं तो गेला. 'वारला' असं म्हणायचं नसतं. आमच्याकडे जुळ्यांतला एक मरत नाही, रानात लाकडं आणायला जातो. त्याच्या जागी वीतभर लाकडी बाहुला करून घेतात, त्याला न्हाऊ-जेवू घालतात. आईनं बाहुला पाटीशेजारी मांडला. अकप्लेचा, मक्याच्या उकडीचा गोळा आधी त्याच्यापुढे, मग माझ्यापुढे.

"ज्याला चमचा उचलवत नव्हता, त्याला लाकडं आणायला पाठवलंस?" मी म्हणालो.

"गप बस," आई म्हणाली. बटण न दाबता.

ऑगस्टमध्ये केंद्रातल्या सेलासीबाई आल्या. "एक सात वर्षांची पोरगी पाटीची वाट बघतेय. शुक्रवारपर्यंत आतली वाक्यं पुसून देशील, बाळा?"

हो म्हणालो. आत्सूची म्हणून जगात एवढीच चोवीस वाक्यं उरली होती, तीही माझ्या आवाजात.

मी मोबाईल दुरुस्त करतो. पुसणं माझ्यासाठी पाच मिनिटांचं काम. भर दुपारी आई अंगणात मासळीला धुरी देत होती, तेव्हा बसलो. भूक गेली. पंखा गेला. 'गप बस' शेवटी ठेवलं, तीनदा ऐकलं, पुसलं.

मग सवयीनं सगळी बटणं तपासली. तेवीस मुकी.

चोविसावं बोललं. माझ्या आवाजात, धापा टाकत.

"मोळी मोठी झाली. एकट्याला डोक्यावर घेता येत नाही."

हे मी भरलं नव्हतं.

पाटी उलटी केली, बॅटरी काढली. पुन्हा दाबलं.

"एत्से, हात लाव."

अंगणातून आई म्हणाली, "कोणाशी बोलतोयस?"

"कोणाशी नाही."

"मग दम का लागलाय तुला?"

शुक्रवारी केंद्रात पाटी दिली, पोरीच्या मावशीनं तिथंच नवी वाक्यं भरली. पोरीनं पहिलं बटण दाबलं, मावशीचाच आवाज आला. सगळं ठीक होतं.

घरी आलो. बाहुल्यापुढचा अकप्ले तसाच होता. शेजारी ओझ्याखाली घ्यायची चुंबळ होती, रानातल्या ओल्या वेलीची, ताजी वळलेली.

डोक्यावर ठेवून पाहिली. नेमकी बसली.

आत्सूला ती दोन बोटं सैल झाली असती.