मेंढवाड्याच्या दारातली काठी

त्या दिवशी माझं काम साधंच होतं. योगितानं म्हणलं की तार उपटायची, म्हणलं की परत लावायची.

योगिता माझी नात. आष्टीच्या अलीकडं माळावर आमचं घर, शेजारी मेंढवाडा. पोरगी घरी बसून कंपनीचं काम करते, मशीनच्या पोटातला नेटवर्कचा ड्रायव्हर, म्हंजे तारेवरची ये-जा सांभाळणारा प्रोग्राम, लिहिते. मला अक्षर कळत न्हाई, पण तिनं समजावलं होतं. तारेत बिघाड झाला की आत दोन झाडणारे एकदम उठतात. एक जण पाटी उचलून फेकतो, दुसरा त्याच पाटीत हात घालायला जातो, आन् मशीन जागीच गार. दिवस मावळायच्या आत हे नीट करून पाठवलं न्हाई, तर तिची नोकरी जाणार होती.

"आबा, आजीची रीत घातलीया आत," ती म्हणाली. डोळे नुसते चमकत होते.

आजी म्हंजे माझी सारजाबाई. मेंढवाडा झाडायला शिरली की दारात काठी आडवी टाकायची. ती काठी आडवी हाय तवर दुसऱ्यानं आत जायचं न्हाई, काठीला हात लावायचा न्हाई, हाकसुद्धा मारायची न्हाई. निमूट थांबायचं. सारजाबाई गेली तवा तिची पितळी कड्याची काठी आम्ही तिच्यासंगंच सरणावर ठेवली.

"उपटा!"

मी घाईनं ओढली, तर तार दोन्हीकडून सुटून हातातच आली. योगिता पडद्यावर वाकली. "पहिला आत गेला... दुसरा थांबला... आबा, थांबला की! मशीन जित्तं हाय!"

तिनं टाळ्या पिटल्या. मला तर उठून नाचावं वाटलं.

मग ती परत पडद्यावर वाकली. "तिसरा थांबलाय."

"मग थांबू दे की त्येला."

"झाडणारे दोनच हायत, आबा... तिसरा मी लिहिलाच न्हाई."

तेवढ्यात खराटा वाजला. खर्र... खर्र... मेंढवाड्यातून. मेंढरं तर माझ्या लेकासंगं, सोमेश्वरसंगं, चरायला गेलती. आम्ही बाहेर आलो. वारा न्हवता, तरी ओल्या लेंड्यांचा वास भपकन आला. दारात काठी आडवी होती. पितळी कडं कलत्या उन्हात लखलखत होतं.

योगितानं माझा दंड आवळला. "आबा... हाक मारू?"

"न्हाई. रीत हाय."

"दिवस चाललाय... काम पाठवायचं राहिलंय..."

"थांब, बाई."

 खरं सांगतो, भीतीपरीस हुरूपच जास्त होता. सूर्य माळाला टेकला आन् खराटा थांबला. आमची पापणी लवली असंल तेवढीच; काठी न्हवती. वाडा लख्ख झाडलेला. मातीवर खराट्याच्या रेघा, पाऊल एकबी न्हाई.

धावत घरात आलो. मशीन चालू होतं. योगितानं वाचलं.

"तिसऱ्याचं झालंय... आबा, काम पोचलंय! 'मिळालं, चांगलं झालंय' म्हणून कंपनीचा निरोपबी आलाय!"

ती हसली, रडली, माझ्या गळ्यात पडली. मग हळूच मागं सरली.

"पण... मी पाठवलंच न्हाई."

त्या तारेबिगर आमच्या घरातून एक अक्षर बाहेर जात न्हाई. मी मूठ उघडली. तार तिथंच होती, दोन्ही टोकं मोकळी, आन् हाताला गरम लागत होती. मशीनवर, ती लावायच्या रिकाम्या जागी, हिरवा दिवा अजून लुकलुकत होता.