एकदाच विचारणाऱ्यांची जत्रा

सांगलीच्या संवादयंत्र प्रयोगशाळेत त्या सकाळी एका गुंडीवरून भांडण जुंपलं होतं. गुंडी दिसायला शर्टाचीच, काळी, चार भोकांची. पण तिच्या पोटात डोळा होता, कान होता आणि माणसांच्या रीतीभाती ओळखणारी यंत्रबुद्धी होती. सोबत कानात बसवायचा मुगाएवढा मणी. समोरच्याच्या चेहऱ्याचा, आवाजाचा, उभं राहण्याचा अर्थ लावून गुंडी त्या मण्यातून पुटपुटायची: 'समोरचा कंटाळलाय, विषय बदला.' 'इथं हसायचं असतं.' 'इतकं खरं बोलू नका.' यंत्राचं नाव मनदुभाष्या. ज्यांच्या मेंदूची घडण चारचौघांपेक्षा वेगळी आहे, त्यांना चारचौघांत वावरणं सोपं जावं म्हणून ते बनवलं होतं.

भांडत होती शर्वाणी आवटी. डॉक्टरांच्या भाषेत स्वमग्न, स्वतःच्या भाषेत तऱ्हेवाईक. पूर-अंदाज केंद्रात ती वर्षभर उमेदवारीवर होती, नदीच्या पाण्याची भाकितं करायची आणि काम चोख करायची. पण नोकरी कायम व्हायची तर केंद्राचे संचालक विश्वासराव डुबल यांची एक अट होती. कामावर दिवसभर मनदुभाष्या लावायचा.

शर्वाणीने तो आठवडाभर लावून पाहिला होता. कानात सासू बसल्यासारखं होतं, असं तिने प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. यास्मिन मुजावर यांना तोंडावर सांगितलं. एक कान नदीकडे आणि एक कान मण्याकडे ठेवला, तर एक दिवस नदीच चुकेल, असंही सांगितलं. ही नोकरी तिला अगदी जिवापाड हवी होती. लहानपणापासून नदीइतका विचार तिने दुसऱ्या कशाचाच केला नव्हता. पण हे कानात घालून ती नोकरी तिच्याने होणार नव्हती.

तेवढ्यात डुबल साहेबच आले. माणूस वाईट मुळीच नव्हे. उलट कुणालाही तोंडावर 'नाही' म्हणायचं नाही, हा त्यांचा जन्माचा नेम. मनदुभाष्याने टिपलेल्या वागण्यातल्या चुकीला प्रयोगशाळेतले लोक 'खटका' म्हणत. ज्याचे खटके दहाच्या वर जातील त्याने यंत्र लावायचं, मग तो शिपाई असो की संचालक, असा नियम साहेबांनी स्वतः केला होता. कुणी पक्षपात म्हणू नये, एवढाच त्यात हेतू. शर्वाणीचे खटके मोजायची चाचणी रविवारी, ती दर वर्षी जाते त्या तऱ्हेवाईकांच्या जत्रेत, मोकळ्या वातावरणात घेऊ, असं त्यांनी सुचवलं. तुलनेला एक प्रमाण माणूस लागेल, तर तो म्हणून आपण स्वतः दुसरी गुंडी लावू, असंही म्हणाले. हे सांगताना त्यांची मान जरा ताठ झाली.

यंत्राचा दुसरा जनक हेरंब सोनटक्के टेबलाखाली आपला चष्मा शोधत होता. हेरंबचं अवधान फुलपाखराच्या जातीचं. जत्रेच्या आयोजकांतला तोही एक. चष्मा डोक्यावरच आहे हे कळल्यावर तो वर आला.

"साहेब, एक समजून घ्या," तो म्हणाला. "याला बरोबर आणि चूक आम्ही शिकवलेलंच नाही. पहिल्या नमुन्याला शिकवलं होतं, मुंबईच्या कचेरीतली माणसं प्रमाण धरून. ते इथं आणलं, तर सगळ्या सांगलीला 'हळू बोला' म्हणत सुटलं."

"भाजी मंडईत तर तापून बंदच पडलं," यास्मिन मॅडम म्हणाल्या. "म्हणून आम्ही त्यात चल-प्रमाण घातलं. यंत्र जिथं जाईल तिथल्या माणसांकडे बघतं. बहुतेक जण वागतात ती रीत, त्याबाहेरचा तो खटका. नव्या जागेची रीत शिकायला त्याला अर्धा तास पुरतो."

"म्हणजे देश तसा वेश."

"अगदी. आणि जत्रेत गर्दी असणार तऱ्हेवाईकांची."

"मग तर सोपंच झालं. खटकेच खटके दिसतील."

"उलट होईल, साहेब."

"बघू," डुबल साहेब गोड हसून म्हणाले. आणि साहेबांच्या 'बघू'नंतर पुढे काही बघायचं नसतं, हे केंद्रातल्या शिपायालाही ठाऊक होतं.

कृष्णेच्या काठच्या मैदानावर दर वर्षी ही जत्रा भरे. कुणी स्वमग्न, कुणी चंचल अवधानाचे, कुणाला कागदावरची अक्षरं जागची हललेली दिसत. 'काय तऱ्हेवाईक आहे' हा टोमणा ऐकत सगळे मोठे झालेले. शेवटी त्यांनी तो शब्दच उचलला आणि जत्रेच्या कमानीवर भल्यामोठ्या अक्षरांत रंगवला. जत्रेत कर्णा नाही, ढणढण गाणी नाहीत. ज्याला गप्पा हव्यात त्याच्या मनगटाला हिरवी फीत, ज्याला नकोत त्याच्या मनगटाला लाल. मोठ्यांनाही बसता येतील असे झोपाळे. मधोमध एक पार होता आणि त्यावर चढून आपल्या आवडीच्या विषयावर हवं तितकं बोलायची मुभा होती. एक गृहस्थ गोगलगायींवर बोलत होते आणि माणसं तल्लीन होऊन ऐकत होती. बोलणं संपलं की सगळे दोन्ही हात वर करून हलवत. टाळ्यांचा कडकडाट कित्येकांच्या कानांना सोसत नाही, म्हणून दाद द्यायची ही त्यांची रीत. खाण्याच्या रांगेत पाटी होती: 'इथे एकदाच विचारतात. हो म्हणजे हो, नको म्हणजे नको.' डुबल साहेबांनी ती वाचली आणि त्यांना तो सुविचार वाटला.

पहिला अर्धा तास, यंत्र इथली रीत शिकेपर्यंत, साहेबांचाच होता. त्यांचा मणी गप्प आणि शर्वाणीचा अखंड चालू. 'हात हलवू नका. डोळ्यांत बघा. गोगलगाय पुरे.' स्वतःच्याच जत्रेत ती खांदे पाडून हिंडत होती. ते बघून हेरंबला इतका राग आला की आपणच बनवलेली गुंडी नदीत फेकावी, असं त्याला वाटलं.

मग साहेबांना भूक लागली. थालीपिठाच्या तव्यामागच्या बाईंनी विचारलं, घेणार का? साहेब म्हणाले, छे छे, आत्ताच जेवून आलोय. आता आपल्याकडचं 'नको' ही नुसती प्रस्तावना असते, खरी गोष्ट तिसऱ्या आग्रहानंतर सुरू होते. पण बाई 'बरं' म्हणाल्या आणि लोण्याचा गोळा घातलेलं ते खरपूस थालीपीठ त्यांनी मागच्या माणसाला देऊन टाकलं. भजीवाल्यांनी तेच केलं. खरवसवाल्यांनीही तेच. आणि साहेबांच्या कानातला मणी जागा झाला.

'भूक लागली असेल तर सांगा. इथं नको म्हणजे नको.'

साहेबांनी गोगलगायवाल्या गृहस्थांना सवयीने विचारलं, काय, कसं काय? त्यांनी खरंच सांगायला सुरुवात केली, गुडघ्यापासून. साहेब निसटू लागले. मणी म्हणाला, 'प्रश्न तुम्ही विचारलात, उत्तर ऐका.' मग साहेब म्हणाले, या एकदा घरी निवांत. गृहस्थांनी लगेच मंगळवार संध्याकाळ ठरवली. मणी म्हणाला, 'बोलावणं मनापासून नसेल तर आत्ताच सांगा.' आयुष्यभर ज्याच्या सभ्यतेचे दाखले दिले गेले, त्या माणसाला पावलोपावली दटावणी मिळत होती आणि पोटात कावळे कोकलत होते.

इकडे शर्वाणी प्रयोगशाळेच्या टेबलाशी आली. "हेरंब, हे बंद पडलंय."

हेरंबने गुंडी उलटसुलट पाहिली, मणी कानाला लावला. "चालू आहे."

"मग बोलत का नाही?"

"तुला सांगण्यासारखं त्याच्याकडे काही उरलं नाही."

शर्वाणीला हसू फुटलं, चांगलं मोठ्याने. दोन्ही हात पाखरासारखे फडफडवत ती जागच्या जागी डोलत राहिली आणि कुणी वळूनही बघितलं नाही. तिला झालेला आनंद असा होता की यास्मिन मॅडमचे डोळे भरून आले.

तेवढ्यात डुबल साहेब घाईघाईने आले. आपली गुंडी बिघडली आहे, अशी त्यांची तक्रार होती. गुंडीत काही बिघाड नव्हता. मॅडमनी दोघांचे खटके पडद्यावर लावले. यंत्र इथली रीत शिकल्यापासून शर्वाणीचे शून्य आणि साहेबांचे चौतीस. आता साहेबांच्याच नियमाने यंत्र साहेबांना लागू होत होतं.

"पण हे काही खरं नव्हे," साहेब म्हणाले. "उद्या ऑफिसात गेलो की अर्ध्या तासात आकडे उलटे होतील."

"होतील," शर्वाणी म्हणाली. "म्हणजे त्याने मला कधी मोजलंच नव्हतं. मी कुठं उभी आहे तेवढंच मोजलं."

साहेबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण मणी आधीच बोलू लागला होता. त्यांनी कपाळ दाबलं. "अहो, हा क्षणभर गप्प बसत नाही. हे कानात घालून दिवसभर माणसाने काम करायचं कसं?"

"आठवडाभर मी तेच सांगत होते, साहेब."

साहेबांनी मणी काढला, गुंडी काढली आणि दोन्ही टेबलावर ठेवलं. 'बघू' अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"सक्ती रद्द," ते म्हणाले. "सगळ्यांसाठीच. ज्याला मदत वाटेल त्याने खुशाल लावावं. आणि आवटी, तुमची नोकरी कायम. उद्या सकाळी लेखी देतो."

भोवती जमलेल्या सगळ्यांचे हात वर गेले आणि हलू लागले. पाराजवळचे, झोपाळ्यावरचे, तव्यामागचे, शेकडो हात. साहेबांनी ते पाहिलं. आपल्याला निरोप देताहेत, असं त्यांना वाटलं. त्यांनीही नम्रपणे हात हलवला आणि उपाशीपोटी कमानीकडे चालू लागले. मणी कानात असता तर त्याने सांगितलं असतं, पण तो टेबलावर पडला होता.

शर्वाणी धावत गेली.

"साहेब, त्या टाळ्या होत्या. आमच्याकडे टाळ्या अशाच असतात. तुम्हाला कुणी घालवत नाहीये. थालीपीठ खायला थांबता का?"

"छे छे," साहेबांच्या तोंडून निघून गेलं.

शर्वाणीने मान डोलावली आणि ती परत वळली. तिचं विचारून झालं होतं. साहेबांनी तव्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, आणि मोठ्याने हाक मारली.

"आवटी, थांबा. हो म्हणायचं होतं मला. दोन द्या म्हणावं, लोणी घालून."