गाता येणार नाही इतक्या वेगाने

"आजारी बाईला रोज रस्त्यावर पळवतेस... काळीज आहे का गं तुला?" नणंदबाई सुनेवर कडाडल्या आणि त्यांनी सासूबाईंची बॅग उचलली. वाद नको म्हणून सासूबाई लेकीच्या गाडीत मुकाट्याने जाऊन बसल्या. ते मात्र सुनेच्या फार जिव्हारी लागलं.

सासूबाईंच्या स्तनातली कर्करोगाची गाठ काढली तेव्हाच डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं. तसल्या गाठीला पोसणारं हार्मोन पाळी गेल्यावरही अंगातल्या चरबीत बनत राहतं. ते रोखायचं मुख्य काम रोजच्या गोळीचं, पण रोज भरभर चाललं तर त्याला आणखी थोडा आळा बसायला मदत होते. भरभर म्हणजे किती? बोलता यावं, पण गाता येऊ नये इतकं! आणि सासूबाई तर जन्मभर शिलाई मशीनवर बसून गात आलेल्या... रस्त्यावरही मुद्दाम तान घ्यायच्या. "आई, गाताय म्हणजे रेंगाळताय," असं सुनेने म्हटलं की कुरकुरत पाय उचलायच्या. शेजारणी सुनेला नावं ठेवायच्या, ती निमूट ऐकून घ्यायची, कारण लहानपणीच आई गमावलेल्या त्या अभागी जिवाला दुसऱ्यांदा पोरकं व्हायचं नव्हतं! हे सगळं तिने नणंदबाईंना सांगून पाहिलं होतं, पण त्यांना ते पटलं नव्हतं.

घर खायला उठलं. ती रोज शिलाई मशीनवर फडकं मारायची आणि त्याच फडक्याने डोळे पुसायची.

मग एका सकाळी दारात सासूबाई उभ्या! पायांत बूट, चेहरा घामाने डबडबलेला. मागे बॅग सावरत, धापा टाकत नणंदबाई. काल तपासणी झाली, काहीही वाईट निघालं नाही. पण चालणं बंद केल्याबद्दल डॉक्टरीणबाईंनी आपल्याला चांगलंच फैलावर घेतलं, असं नणंदबाईंनी खालमानेने सांगितलं. आज पहाटे आई गाडी नको म्हणून जी सुटली, ती थेट इथवर.

"चुकलं गं माझं," त्या पुटपुटल्या.

"तिचं कसलं? माझं चुकलं," सासूबाई म्हणाल्या. "लेकीचं मन राखायला मी गप्प बसले आणि तुझं मोडलं."

सुनेच्या डोळ्यांना धारा लागल्या... सासूबाईंनी तिला जवळ घेतलं आणि आपलं लाडकं गाणं सुरू केलं. दोन शब्दांतच दम संपला.

"बघ... गाताच येत नाहीये!"

सून रडता रडता हसली. "मग बरोबर चाललात, आई."