स्वच्छ लाकूड

लाकडात लोखंड सापडलं की माझं डोकं फिरतं, हे आमच्या गिरणीच्या आसपास सगळ्यांना ठाऊक आहे. लोकांना वाटतं, एवढासा खिळा, त्याचं काय मोठं. पण आऱ्याचा पट्टा भरधाव फिरत असताना वाटेत खिळा आला की आधी कर्रर्र होतं, मग ठिणग्या उडतात, मग दातांची वाट लागते, आणि दिवस वाईट असेल तर अख्खा पट्टा तुटून चाबकासारखा अंगावर येतो. म्हणून रस्त्याकडेची झाडं मी दारात उभी करत नाही. त्यांच्या अंगावर पाट्या, तारा, दोऱ्या बांधायचे हूक, काय वाटेल ते ठोकलेलं असतं. झाड बिचारं सगळं गिळतं आणि वरून साल पांघरून गप्प बसतं.

हा ओंडका मात्र रस्त्याकडेचा नव्हता. डोंगराच्या उतारावर, जिथे घर सोडाच, धड पायवाटही नाही, तिथे वादळात पडलेल्या झाडाचा होता. तो माझ्या ताईने निवडला. आवारात इतके ओंडके पडलेले असताना ती सरळ याच्यापाशी गेली, त्यावर हात टेकला आणि म्हणाली, "पाळणा याचा करायचा."

पाळण्याचं एवढं अप्रूप का, ते सांगायला हवं. ताईची दोन मुलं जन्माआधीच गेली. दोन्ही वेळा भावोजींनी पाळणा करायला घेतला होता. ते सुतार आहेत, आनंद झाला की त्यांना दुसरं काही सुचतच नाही. त्या फळ्यांचं पुढे काय झालं, हे आम्ही त्यांना कधी विचारलं नाही. या वेळी आठवा महिना लागला होता, डॉक्टर खूश होते, आणि ताई अशी काही उजळली होती की बघत राहावं. रोज चालायला सांगितलं होतं म्हणून ती चालत चालत गिरणीत यायची, मशीनपासून लांब खुर्ची टाकून बसायची आणि आम्हा सगळ्यांवर हुकूम सोडायची.

"फळी स्वच्छ हवी," भावोजी मला म्हणाले. "एक गाठ नको, एक डाग नको."

"तुम्ही फक्त रंधा तयार ठेवा," मी म्हटलं.

चिरण्याआधी मी प्रत्येक ओंडक्यावरून मेटल डिटेक्टर फिरवतो. ते यंत्र फार खोलचं ओळखत नाही, जेमतेम वीतभर, त्यामुळे फिरवायचा, फळी काढायची, पुन्हा फिरवायचा, असा माझा रिवाज. त्या दिवशी मी तो एकदाच, वरवर फिरवला. डोंगरातल्या झाडात कोण काय ठोकणार? पलीकडून फळ्या धरायला रेडिओ उभा होता. आईबापांनी त्याला वेगळं नाव ठेवलंय, पण मशीन चालू असो की बंद, त्याचं बोलणं चालूच असतं, म्हणून रेडिओ. पहिल्या दोनतीन फळ्या लोण्यासारख्या निघाल्या. पुढची निम्म्यावर आली, आणि कर्रर्र.

मी मशीन बंद करून तोंडाला येईल ते बोललो. ताई समोर आहे याचंही भान राहिलं नाही. मग पटाशी घेऊन लाकूड कोरलं. आत चमचा होता. बाळाला भरवायचा असतो तसा, इवलासा, गोल वळवलेल्या दांड्याचा. स्टीलचा, लखलखीत. दांड्यावर आमच्या पट्ट्याने पाडलेली खाच तेवढी ताजी होती.

"मालक, झाड चांगल्या घरचं दिसतंय," रेडिओ म्हणाला. "चमच्याने जेवायचं."

ताई उठून आली, तिने चमचा ओढणीने पुसला आणि लहान मुलीसारखी हसली. "भुश्या, हा माझ्या बाळाचा. देणार नाही कुणाला." तिला मी लहानपणापासून भुश्याच आहे. आता पोटही सुटलं, केसही गेले, तरी नाव तेच.

भावोजी मात्र फळीवर वाकून बसले होते. लाकडात लोखंड राहिलं की भोवती काळानिळा डाग पडतो, आणि ठोकलं असेल तिथे जखमेचा वण राहतो. इथे दोन्ही नव्हतं. झाडाची वर्षं सांगणारी वलयं चमच्याच्या अंगावरून सुरळीत गेली होती, एकही न तुटता. ती वलयं माझ्या आजोबांच्याही आधीची असावीत. तेव्हा कुणाकडे स्टील होतं?

"असेल काहीतरी," मी म्हटलं. मला सगळ्याची कारणं लागतात, आणि नसली की मी असं म्हणतो.

त्यानंतर मात्र डिटेक्टर हातातून सोडला नाही. दुसऱ्या दिवशी फळी काढून फिरवला तर त्याने टीं केलं. कोरून बघितलं तर शिट्टी. रेडिओने ती फुंकली आणि ती वाजली. आतला मणी लाकडात राहूनही कोरडा खडखडीत. त्याने अख्ख्या आवारात फेरी मारून शिट्टी वाजवली, शेजारच्या लोहाराने बाहेर येऊन शिव्या दिल्या, ताईच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं.

त्याच्या पुढे कंपासपेटीतला कंपास निघाला.

"अभ्यासू निघणार," ताई म्हणाली. "मामावर नाही जाणार."

आता काय होतंय ते माझ्या लक्षात आलं होतं. इतरांच्याही आलं असणार. आम्ही सालीकडून गाभ्याकडे चाललो होतो, आणि ओंडक्यातलं मूल मोठं होत चाललं होतं. चमचा, शिट्टी, कंपास. कुणी ते शब्दांत बोललं नाही, पण सकाळी सगळे वेळेआधी हजर व्हायला लागले. भावोजी हातातली कामं टाकून यायचे. यंत्राने टीं केलं की आम्ही चौघं टाळ्या पिटायचो. उभ्या आयुष्यात जो आवाज मला नको असायचा, त्याची मी वाट बघायला लागलो, म्हणजे बघा.

मग सायकलची घंटी निघाली. ताईने ती अंगठ्याने दाबली. ट्रिंग. एवढी मोठी झाली हो माझी लेक, असं ती म्हणाली. मुलगी आहे हे तिने मनाशी ठरवूनच टाकलं होतं. तिने ते सगळं खुर्चीशेजारी एका फडक्यावर ओळीने मांडून ठेवलं होतं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची.

भावोजी चहा आणायला गेले तेव्हा ती हळूच म्हणाली, "हसू नकोस हं. पण मला आता पुढचं बघितल्याशिवाय झोप लागत नाही. सायकलवर थांबायला नको रे."

"थांबतंय कशाला," मी म्हटलं. "अजून गाभा आहे सगळा."

गाभा राहिला होता खरा, पण फार नाही. मी आणखी फळ्या काढल्या, उलट्या बाजूनेही काढल्या. त्या सगळ्या स्वच्छ निघाल्या. शेवटी मधला चौकोनी ठोकळा उरला, लांबीला माणसाएवढा, जाडीला इतकाच की दोन्ही बाजूंनी डिटेक्टर फिरवला तर आतलं काही लपू नये.

मी फिरवला. यंत्र गप्प.

मी ते माझ्या किल्ल्यांवर धरलं. टीं. पुन्हा ठोकळ्यावर. गप्प. उलटा करून, आडवा करून, डोक्यापासून पायापर्यंत. एवढं स्वच्छ लाकूड मी या धंद्यात पाहिलं नव्हतं. कुठल्याही गिरणीवाल्याने पेढे वाटले असते. मी मात्र यंत्र पुन्हा पुन्हा फिरवत राहिलो.

सुदैवाने ताई आणि भावोजी अजून यायचे होते आणि रेडिओ जेवायला गेला होता. मी खाली बसलो आणि खरं सांगायचं तर रडलो. सायकल म्हणजे किती वर्षं? आठ? दहा? मग उठलो आणि जे कुठलाही आरेवाला स्वप्नातही करणार नाही ते केलं. चिरायच्या लाकडात स्वतःच्या हाताने धातू घातला.

माझा जुना वाचायचा चष्मा होता, तारेच्या फ्रेमचा. डावी काडी मोडली होती तिथे मी तांब्याची तार गुंडाळली होती, गबाळ्यासारखी. चष्मा म्हणजे म्हातारपण, एवढाच विचार. सायकलवरून एकदम म्हातारपणाला पोचलं की मधलं सगळं आपोआप आलं. ठोकळ्याच्या एका टोकाला पटाशीने खोल खाच पाडली, चष्मा आत सारला, वर लाकडाची पाचर बसवली आणि भुसा आणि गोंद कालवून लिंपून टाकलं. उन्हात ते पटकन वाळलं. ताईला फसवायला पुरेल इतकं चांगलं झालं होतं.

ताई भावोजींबरोबर आली तेव्हा तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. "काय रे?"

"काही नाही. भुसा गेला डोळ्यात. बस लांब, गंमत बघ."

रेडिओने डिटेक्टर हातात घेतला. तो टोकाला येईल तेव्हा वाजेल, मग मी आश्चर्याने ओरडायचं, असं मी मनाशी योजलं होतं.

टीं. तो मध्यावर असतानाच वाजलं.

"आहे, आहे!" रेडिओ नाचायला लागला. ताईने दोन्ही हात तोंडावर धरले.

मला यंत्राचा राग आला. चष्मा कुठे आहे हे मला ठाऊक होतं, मध्यापासून चांगला दोन हात लांब. "बिघडलंय ते," मी म्हटलं. "मध्ये काही नाही." आणि चष्म्याचं टोक मागे ठेवून निर्धास्तपणे ठोकळा पट्ट्याला लावला.

कर्रर्र.

ठिणग्या. मी मशीन बंद केलं.

मी आधी टोकाकडे गेलो. लिंपलेली खाच शोधली. बोटाने चाचपली. तिथे खाच नव्हती. गोंद नव्हता. वलयांच्या रेषा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ गेलेल्या, अखंड.

भावोजी पटाशीने मधलं लाकूड कोरत होते. "चष्मा!" ते ओरडले. "अगं, चष्मा आहे! म्हातारी होणार आपली पोर!"

ताई हसत होती आणि रडत होती. रेडिओने शिट्टी उचलली आणि फुंकत सुटला. भावोजींनी बायकोला सगळ्यांसमोर मिठी मारली, जे त्यांनी लग्नातही केलं नसेल. मी पुढे होऊन वाकलो.

माझाच चष्मा होता. डाव्या काडीवर माझीच तांब्याची तार. पण ती झिजून गुळगुळीत झाली होती, बोटांनी रोज हाताळलेली असावी तशी. फ्रेम अर्धी लाकडाबाहेर, अर्धी आत. हात लावला तर ऊबदार लागली. पट्ट्याच्या घर्षणाने धातू तापतो, ते मला माहीत आहे.

काडीच्या सांध्यात एक केस अडकला होता.

लांब. पांढराशुभ्र.

माझं टक्कल आहे. ताईचे केस काळेभोर. मी तो चिमटीत धरला, पण तो सुटेना. त्याचं दुसरं टोक लाकडात होतं, सलग, जिथे सुई शिरणार नाही तिथे.

मी हलकेच ओढला.

"आई गं!" मागून ताई म्हणाली आणि खळखळून हसली. "लाथ मारली! काय जोरात मारली बघा!"

भावोजींनी तिच्या पोटावर हात ठेवला. "कुठे? मला नाही कळली."

मला खात्री करून घ्यायची होती. मी पुन्हा ओढला, अगदी जेमतेम.

"परत!" दोघंही एकदम ओरडले.

मी केस सोडून दिला. मागे टाळ्या, शिट्ट्या, हसणं चाललं होतं, आणि ताई सगळ्यांना सांगत होती की पाळण्याला हीच फळी घ्यायची, चष्म्याची. केस क्षणभर तसाच लोंबत राहिला. मग सावकाश, कुणीतरी आतून बट सावरून कानामागे घ्यावी तसा, लाकडात निघून गेला.