जेवणाआधीची प्रार्थना

जाकार्ताचं जोडपं शनिवारी आमच्याकडे उतरायला येणार होतं आणि तोंडात नळी धरून पोवळी बघायला त्यांना आमची आतली खाडीच हवी होती. मी पाण्यात घालायचे काचेचे मुखवटे धुऊन वाळत घातले. एकातून पाणी गळायचं. तो नवऱ्यासाठी ठेवला.

त्या खाडीत शिरायचं तर भरतीला होडी खडकाच्या उंबऱ्यावरून आत सरकवायची आणि पुढच्या भरतीपर्यंत आतच बसायचं. पाहुणे हातचे गेले तर मला सोरोंग बंदरावर गोणी उचलायला जावं लागणार, आणि आई घरात एकटी. अडचण एकच. खाडीवर सासी होती.

सासी म्हणजे गावाने घातलेली बंदी. पाद्री प्रार्थना करतो, खाडीच्या तोंडाशी काठीला नारळाची झावळी बांधतात, आणि आतलं सगळं नीट वाढेपर्यंत कुणी आत शिरत नाही, कशाला हात लावत नाही. ही झावळी दोन नाताळांपूर्वीची. अजून हिरवीगार.

"तूच बदलतोस ती," मी लामेकमामाला म्हटलं. "आतली शेवंडं एकटाच खातोस."

"मी? अरे ओबेद, मी घराचं छप्पर बदललं नाही, झावळी बदलीन? तूच असशील."

पाद्री दात काढायला सोरोंगला गेलेला. शेवटी शुक्रवारी दुपारी आम्हीच सासी सोडायला निघालो.

उंबऱ्यापाशी मी मुखवटा लावून पाण्यात तोंड घातलं. पोवळी छान होती, जांभळी, पिवळी. मासा मात्र एकही नव्हता. इतकी जपलेली खाडी, मग वाढलं काय?

झावळीचा देठ नुकताच कापल्यासारखा ओला होता. मामाने माझ्याकडे पाहिलं, मी मामाकडे.

मामाने टोपी काढली, डोळे मिटले. "हे प्रभू, जे अन्न आता आमच्यासमोर येतंय..."

"मामा, ही जेवणाआधीची आहे!"

"मला एवढीच येते. गप बस." मधली ओळ त्याला कधीच आठवत नाही, तिथे तो नेहमीसारखा खोकला. "...त्याबद्दल तुझे आभार."

आतून आमेन आलं.

"प्रतिध्वनी," मामा म्हणाला.

"आपण अजून म्हटलंच नाही, मामा."

त्याने झावळी सोडून पाण्यात फेकली. मी इंजिन सुरू केलं.

शनिवारी सकाळी गावातल्या मेल्कीची होडी पाहुण्यांना घेऊन आली. बाई हात हलवत होती. धक्क्याजवळ येताच मेल्कीने इंजिन बंद केलं, टोपी काढली, आणि होडी वळवून परत नेली.

मी धावत गेलो. आमच्या धक्क्याच्या शेवटच्या खांबाला झावळी बांधलेली होती. हिरवी. देठ ओला.

"तू बांधलीस," मामा म्हणाला.

"तूच बांधलीस."

समोरचा खोटं बोलत असू दे, असं दोघांनाही मनापासून वाटत होतं.

दुपारी आईने सागो झाडाच्या पिठाची खळ वाढली आणि माझा दंड दाबून पाहिला. "सोरोंगला कशाला जातोस? इथे कसं छान अंग भरतंय तुझं."

मी ताट सरकवलं.

मामाने त्या दिवशी प्रार्थना म्हटली नाही. ती धक्क्याकडून ऐकू आली. मधल्या ओळीच्या जागी खोकल्यासकट.